सामानासकट की रिकामं?

पोस्टमास्तरांनी दोन ब्लॉक घेतले यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. निवृत्त माणसाने कशात तरी जीव अडकवायला हवा. कुणी पहाटे उठून पळतो, कुणी सतार शिकून शेजाऱ्यांचा अंत पाहतो. पोस्टमास्तरांनी दोन गल्ल्या पलीकडच्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, समोरासमोर दारं असलेले दोन छोटे ब्लॉक घेतले. दोन्ही भाड्याने द्यायचे आणि म्हातारपण निवांत काढायचं, एवढीच योजना. पण दलालाने किल्ल्या खिशात टाकताना सहज विचारलं, "फर्निश्ड देताय की अनफर्निश्ड?" आणि तिथून पोस्टमास्तरांची झोप उडाली.

त्याला कारण होतं. उभ्या हयातीत पोस्टमास्तरांवर निर्णय घ्यायची वेळच आली नव्हती. पाकीट जड असेल तर जादा तिकीट, पत्ता अपुरा असेल तर परत, खिडकी बंद व्हायच्या वेळेला बंद. सगळं छापील. आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे लग्न, तेही त्यांच्या आत्याने ठरवलं होतं आणि त्यांना नंतर कळवलं होतं. आता पुस्तकात बघावं तर पुस्तक नाही, वरच्या ऑफिसला विचारावं तर वर ऑफिस नाही.

वरचं ऑफिस म्हणावं तर एक होतं. त्यांच्या पत्नीला अख्खी गल्ली 'बाई' म्हणे, कारण अर्धी गल्ली शाळेत त्यांच्या हाताखालून गेली होती. पोस्टमास्तरही बाईच म्हणत. ते काही त्यांच्या वर्गात नव्हते, पण संसारात बहुतेक गोष्टी त्यांनाही बाईंनीच शिकवल्या होत्या. बाईंचं मत पहिल्याच मिनिटाला तयार होतं. चार भिंती द्याव्यात आणि मोकळं व्हावं. माणसं आपलं घर आपल्याबरोबर घेऊन येतात.

पण घरातल्या माणसाचं मत फुकट मिळतं, म्हणून त्याला वजन नसतं. पोस्टमास्तर बाहेर विचारायला निघाले.

खालच्या मजल्यावरचे वकील म्हणाले की सामानासकट देणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. भाडेकरू जातो, सोफ्याची स्प्रिंग वर आलेली असते, आणि कोर्टात सिद्ध होतं की ती आधीपासूनच वर होती. असा एक खटला त्यांच्या चांगला माहितीचा होता. भाडेकरूच्या बाजूने लढून तो त्यांनीच जिंकला होता. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले की रिकामं घर दिलं की भाडेकरू भिंतीला खिळे मारतो, आणि भरलेलं दिलं की आपल्या खुर्च्यांवर उभा राहून मारतो. त्यांनी दोन्ही बाजूंची लक्षणं तपशीलवार सांगितली, औषध काही सांगितलं नाही. बाईंच्या धाकट्या भावाचं फर्निचरचं दुकान होतं. तो म्हणाला की भाऊजी, या प्रकरणात मी अगदी निःपक्षपाती आहे, आणि बोलता बोलता खिशातून टेप काढून त्याने दोन्ही ब्लॉकांच्या भिंती मोजून घेतल्या.

शेवटी पोस्टमास्तरांनी जे काढलं त्याला ते 'प्रयोग' म्हणत आणि बाई 'पळवाट' म्हणत. एक ब्लॉक सामानासकट द्यायचा, एक रिकामा. जो आधी जाईल तो खरा.

आता प्रयोगाला कागद लागतो. करार नोंदवण्याच्या कार्यालयात काय काय लिहावं लागेल हे विचारायला पोस्टमास्तर गेले. खिडकीशी उभे राहिले. खिडकीच्या या बाजूला ते जन्मात पहिल्यांदाच उभे होते, आणि इथून माणूस किती केविलवाणा दिसतो याची त्यांना कल्पना नव्हती. आतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं की पंखा सामानात धरायचा की भिंतीत. पोस्टमास्तरांनी नम्रपणे दुरुस्ती केली की पंखा छतात असतो. कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर यायला सांगितलं. हे वाक्य पोस्टमास्तरांनी स्वतः हजारो वेळा उच्चारलं होतं, आणि आपण ते किती सभ्यपणे म्हणतो असा त्यांचा समज होता. ऐकायला ते इतकं जिव्हारी लागतं हे त्यांना त्या दिवशी समजलं. सुट्टीनंतर असं निघालं की आधी सामान ठेवा, भाडेकरू आणा, मग या.

सामान कुठून आणायचं याचं उत्तर पोस्टमास्तरांना परत येताना सुचलं, आणि ते स्वतःवरच इतके खूश झाले की घरी येईपर्यंत दोनदा रस्ता चुकले. घरातलं जुनं सामान ब्लॉकमध्ये पाठवायचं आणि घरासाठी नवं करून घ्यायचं. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. मेहुण्याने नवा सोफा, नवं टेबल, नवी कपाटं आठवड्यात देतो म्हणून सांगितलं. फर्निचरवाल्याचा आठवडा हा वेगळा असतो, त्यात रविवार येतच नाही, हे बाईंना माहीत होतं. पण बाई त्या वेळी थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेल्या होत्या.

परत येऊन त्यांनी दार उघडलं तर हॉलमध्ये सोफा नाही, टेबल नाही, आत पलंग नाही, आणि त्यांच्या साड्या जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर नीट रचून ठेवलेल्या. रचण्यात पोस्टमास्तरांचा हात लगेच ओळखू येत होता. बाई रागावल्या की आवाज चढवत नसत, फक्त व्याकरणशुद्ध बोलत.

"माझे कपाट आपण कोठे नेले आहे, हे मला कळेल काय?"

ते कपाट बाईंनी नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून हप्ता भरून घेतलेलं होतं. सागवानी, दोन दारांचं, आतून कापराचा वास येणारं. लग्नानंतर ते बाईंच्या आधी सासरी पोचलं होतं. हे सगळं पोस्टमास्तरांना ठाऊक होतं, फक्त हमालांना 'सगळं उचला' म्हणताना आठवलं नव्हतं. त्यांनी कपाट उद्याच्या उद्या परत आणतो म्हणून शब्द दिला. बाई म्हणाल्या, "आभारी आहे." ते ऐकून त्यांना त्या रात्री गाद्या घातलेल्या जमिनीपेक्षाही टणक काहीतरी टोचत राहिलं.

पण उद्याच्या उद्या कपाट काही येईना, कारण ते दिसेनासं झालं होतं. झालं असं की पोस्टमास्तर ब्लॉक सजवताहेत ही बातमी गल्लीत पसरली. प्रत्येक घरात एक तरी अशी वस्तू असते की जी वापरवत नाही आणि टाकवतही नाही. वकिलांनी पुस्तकांची मांडणी पाठवली, तिचं एक दार कायम उघडं राही आणि दुसरं कधीच उघडत नसे. डॉक्टरांनी दवाखान्यातला लांब बाक दिला. त्यावर बसलं की माणसाला आपोआप खोकला यायचा. कुणी तिपाई दिली, कुणी आरसा दिला, ज्यात माणूस उंच आणि दुःखी दिसे. पोस्टमास्तरांनी कुणाला नाही म्हटलं नाही. आलेलं टपाल नाकारायचं नाही, ही जुनी सवय. शेवटी ब्लॉकचं दार अर्धवटच उघडू लागलं आणि आत जायचं तर आडवं होऊन, पोट आत ओढून जावं लागे. दलाल म्हणाला, "साहेब, याला फर्निश्ड नाही, गोदाम म्हणतात."

तरीही त्याने माणसं आणली. धंद्याला जागला बिचारा. पहिलं आलं एक कुटुंब. नवरा हिशेबनीस, बायको, आणि घराची खरी सूत्रं जिच्या हातात होती ती सासू. सासूबाई आडव्या होऊन आत गेल्या, बाकाला वळसा घालून गॅलरीपर्यंत पोचल्या, तिथून दिसणारं मोकळं मैदान पाहिलं आणि म्हणाल्या की जागा पसंत आहे. आमच्याकडे ट्रकभर सामान आहे, तेव्हा हे सगळं तेवढं काढून टाका. पोस्टमास्तरांनी समोरचा रिकामा ब्लॉक दाखवला, त्याची थोरवी सांगितली. त्याला गॅलरी नव्हती. सासूबाईंनी तो दारातूनच नापास केला.

त्याच संध्याकाळी एक नर्सबाई आल्या. हॉस्पिटलात नव्यानेच नेमणूक झालेली, हातात एक बॅग, खांद्याला एक पिशवी. त्यांना रिकामा ब्लॉक आवडला, लहान आहे, झाडायला सोपा आहे म्हणाल्या. मग मधोमध उभं राहून त्यांनी चहूकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं की इथे झोपतात कुठे.

म्हणजे प्रयोगाचा निकाल लागला. भरलेला ब्लॉक रिकामा हवा होता आणि रिकामा भरलेला हवा होता. बाईंना हे सांगितल्यावर त्या पदराआड हसल्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या, म्हणून पोस्टमास्तरांनी अपमान मानून घेतला नाही.

तेव्हा असं ठरलं की सामान या दारातून त्या दारात न्यायचं, आणि कपाट मात्र तिथूनच खाली उतरवून घरी आणायचं. हमाल आले. दोन दारांमध्ये जेमतेम आठ पावलांचं अंतर, पण तेवढ्यात बाकाने भिंतीचा रंग खरवडला, आरशाने वकिलांच्या मांडणीचं उघडं दार कायमचं बंद केलं, आणि तळमजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन तीनदा 'हे नियमात बसत नाही' असं म्हणून गेले. पोस्टमास्तरांना त्यांचा मनातून हेवा वाटला. त्यांच्याकडे अजून नियम होते.

सगळ्यात शेवटी कपाट निघालं. ते जिन्याच्या तोंडाशी आलं, वळलं, आणि थांबलं. पुढे जाईना. मागे घ्यायला गेले तर मागेही येईना. कारण साधंच होतं. कपाट वर चढवलं तेव्हा जिन्याला कठडा नव्हता. मधल्या दिवसांत सोसायटीने चांगला भक्कम लोखंडी कठडा बसवला होता. आता एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला भिंत आणि मधे कपाट, असं बाटलीला बूच बसावं तसं बसलं होतं. वरच्या मजल्यांवरचे लोक वर अडकले आणि खालचे खाली.

सेक्रेटरी चौथ्यांदा आले. कठडा कापायचा तर कमिटीचा ठराव हवा, असं त्यांनी सांगितलं. ठरावाला सभासद हवेत. त्यातले निम्मे कपाटाच्या पलीकडे होते. सुताराला बोलावलं. त्याने पेन्सिल कानावर ठेवली, कपाटाभोवती जेवढं फिरता येईल तेवढं फिरला, आणि म्हणाला की काही अवघड नाही, मधोमध कापू, दोन तुकडे होतील, घरी नेऊन पट्ट्या मारून जोडून देतो. सेक्रेटरी म्हणाले की हेच नियमाला धरून आहे. वर अडकलेल्या लोकांनी कपाटाच्या पलीकडून संमती दिली. हमालांना घरी जायचं होतं. सुताराने करवत काढली.

पोस्टमास्तर पुढे झाले. त्यांनी आयुष्यात कधी कुणाची वाट अडवली नव्हती. ते कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "कपाटाला करवत लागणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे."

सेक्रेटरींनी विचारलं की हे कुठल्या नियमाने.

"माझ्या," पोस्टमास्तर म्हणाले.

बाई खालच्या पायरीवर उभ्या होत्या. घामाने भिजलेला शर्ट, केसांत जळमटं, आणि हात पसरून कपाटाला चिकटलेला आपला नवरा त्यांनी जरा वेळ नुसताच पाहिला. मग वर येऊन त्या सुताराला म्हणाल्या, नेहमीच्या घरगुती भाषेत, की अरे, करवत ठेव आणि पकड काढ. याच्या पाठीची फळी खिळ्यांवर आहे, ती सुटी होते. आतले कप्पे सरकवून काढता येतात. दारं तर उघडतातच. कपाट राहील जागेवर, माणसं जातील आरपार.

सुतार त्यांचा विद्यार्थी निघाला, त्यामुळे त्याने उलट विचारलं नाही. फळी निघाली, कप्पे निघाले, दोन्ही दारं उघडली, आणि वर अडकलेली मंडळी एक एक करून कपाटातून बाहेर यायला लागली. आधी दूध आणायला निघालेल्या एक आजी आल्या, मग सायकल डोक्यावर धरून एक कॉलेजचा मुलगा, मग एक नवरा-बायको, जे वर भांडत होते आणि कपाटातून वाकून येताना एकमेकांचा हात धरून आले. प्रत्येकजण बाहेर पडला की जरा थांबून वास घेई आणि म्हणे, कापूर का. कमिटीची सभा दुसऱ्या दिवशी भरली ती अर्थातच या वाटेने येऊनच. ठराव तिथे वर, गच्चीवर झाला, म्हणून सेक्रेटरींनाही कपाटातून जावं लागलं. ते अंगाने भरलेले होते. मधे एकदा अडकले. वरून एकाने आणि खालून पोस्टमास्तरांनी मदत केली, आणि पलीकडे गेल्यावर त्यांनी शर्ट नीट करत कठडा तात्पुरता काढायला कसलीच हरकत नसल्याचं सांगितलं.

कपाट घरी आलं. फळी बसली, कप्पे बसले, साड्या आत गेल्या. बाईंनी एकदा दारावरून हात फिरवला आणि पोस्टमास्तरांना म्हणाल्या, "चहा टाकते, बसा." बसायला काही नव्हतं, म्हणून ते गादीवर बसले.

तिकडे हिशेबनिसांचा ट्रक लागला आणि सासूबाईंनी गॅलरीत कुंड्या मांडल्या. नर्सबाईंनी पलंग, एक टेबल आणि एक खुर्ची ठेवून घेतली आणि बाकीचं, दादा तुमचं तुम्ही घेऊन जा, म्हणून सांगितलं. रात्रपाळी करून आल्यावर मला आडवं पडायला जागा हवी, वळसे घालायला नको, म्हणाल्या. पोस्टमास्तरांना वाटलं, आता हे सगळं कुठे टाकायचं. पण गंमत अशी की वस्तू परत येताहेत हे कळताच गल्ली धावत आली. वकील म्हणाले की मांडणीशिवाय खोली ओकीबोकी वाटते. डॉक्टरांचे पेशंट बाक कुठे गेला म्हणून विचारत होते, उभ्याने खोकायला त्यांना जड जात होतं. उंच दुःखी आरशासाठी तर तो ज्या घरातून आला होता त्या घरातल्या दोघी बहिणींत तंटा झाला. पोस्टमास्तरांचा जुना सोफा मात्र हमालांनी खाली उतरवतानाच बसवला, म्हणजे कायमचा बसवला. त्याची स्प्रिंग वर आली ती कुणी खाली घालू शकलं नाही. वकिलांनी ती पाहिली आणि कोर्टाची तयारी दाखवली, पण प्रतिवादी कोण हे ठरेना.

म्हणजे दोन्ही ब्लॉक गेले, करार झाले, आणि सामानाशिवाय राहिलं ते एकच घर, पोस्टमास्तरांचं स्वतःचं. मेहुणा रोज फोन करी की पॉलिश चाललंय. नंतर तो म्हणायला लागला की पॉलिश सुकतंय. दिवस जात राहिले. पोस्टमास्तर हॉलच्या या टोकाला गादीवर बसून पेपर वाचत, बाई त्या टोकाला भिंतीला टेकून शब्दकोडं सोडवत. मधे काहीच नसल्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याला जरा घुमून ऐकू येई, आणि त्यामुळे म्हणा किंवा कशामुळे, दोघं पूर्वीपेक्षा जास्त बोलत. एका दुपारी बाई गुणगुणताहेत असं पोस्टमास्तरांना वाटलं. त्यांनी पेपरवरून पाहिलं तर त्या खरंच गुणगुणत होत्या. त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला, कारण कुणी बघतंय असं कळलं की बाई थांबतात.

अशात त्यांची मुलगी न कळवता आली. लांबच्या गावी असे ती. कडेवर वर्षाची नात, मागे सामान. दार उघडलं, तिने आत पाहिलं. उघडा हॉल, दोन गाद्या, कोपऱ्यात पाण्याचं भांडं. तिचे डोळे भरूनच आले. बाबा, एवढं काय झालं, तुम्ही मला का नाही सांगितलंत, म्हणून तिने पिशवी खाली टाकली. तिला वाटलं ब्लॉकांपायी आईबाप देशोधडीला लागले. पोस्टमास्तरांनी समजावायला सुरुवात केली की दोन्ही ब्लॉक उत्तम गेले आहेत, एक सामानासकट, एक रिकामा, आणि हे जे आहे ते तिसरंच. त्याने तिचा हुंदका आणखी वाढला. शेवटी बाईंनी कपाटाची गोष्ट सांगितली. सेक्रेटरी अडकले तिथे आल्यावर मुलगी डोळे पुसता पुसता हसायला लागली, आणि मग तिला थांबवता येईना.

या गडबडीत नात जमिनीवर उतरली होती. ती चालायला बघत होती, पण तिच्या घरी एक सवय लागली होती, मुलीने सांगितलं. सोफ्याला धरून टेबल, टेबलाला धरून खुर्ची, असं सगळ्या घराला ती प्रदक्षिणा घाले, पण हात सोडायचं नाव नाही. तिकडचे डॉक्टर म्हणतात घाई करू नका.

इथे धरायला काहीच नव्हतं. आजीच्या गुडघ्याचा आधार घेऊन ती उभी राहिली, आणि तिने समोर पाहिलं. समोर नुसती फरशी होती आणि फरशीच्या पलीकडे आजोबा होते. खाली रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. मेहुण्याचा आवाज आला, "भाऊजी, आणलं बघा! माणसं वर पाठवू का?"

नातीने आजीचा गुडघा सोडला होता. ती दोन्ही हात हवेत धरून उभी होती, डुलत होती. मग एक पाऊल पडलं. बाईंनी मुलीचा हात घट्ट धरला. पोस्टमास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात पुढे केले, पण पुढे सरकले नाहीत. दुसरं पाऊल पडलं, तिसरं पडलं. हॉलच्या मधोमध, जिथे टेबल असायचं, तिथे ती थांबली, आपल्याला कुणीच धरलेलं नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्याचं तिला हसू आलं.

"भाऊजी," खालून पुन्हा आलं, "कुठे ठेवायचं ते सांगा नुसतं."

पोस्टमास्तर गॅलरीकडे मान न वळवता, नातीवरची नजर न काढता, शक्य तितक्या हळू आवाजात ओरडले, "थांब रे. अजून अर्धा हॉल राहिलाय."

मेहुण्याला त्यातलं काही कळलं नाही. थोडा वेळ वाट पाहून तो ट्रकमध्येच, नव्या कोऱ्या सोफ्यावर, पाय वर घेऊन बसला.